येतोस का?

क्रांती चौकातला सिग्नल शुक्रवारी नेमका लाल झाला, यात खंडेराव वाघमोड्यांचा काडीइतकाही दोष नव्हता. बाकीच्या सगळ्यात होता, पण ते अजून घरात कुणाला माहीत नव्हतं. सिग्नल हिरवा असता तर रूपालीच्या साखरपुड्याची औरंगपुऱ्यातली खरेदी आटोपून निघालेली जीप सरळ उस्मानपुऱ्याकडे गेली असती आणि रविवारी सकाळी फुलंब्रीत सगळं गोडीगुलाबीनं पार पडलं असतं. पण जीप थांबली. पुढच्या सीटवर नवरदेवाचे वडील आप्पासाहेब. मागं खंडेरावांचा थोरला भाऊ भिकन, त्याची मुलगी रूपाली आणि दोघा भावांची सर्वांत थोरली बहीण मालनबाई. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर नव्वद सेकंद वीस फुटी फ्लेक्स. फ्लेक्सवर खंडेरावांची मुलगी दिपाली, तोंड उघडं, माइक ओठांना लागलेला, केस पिंजारलेले. खाली पिवळ्याजर्द, हातभर उंच अक्षरांत: येतोस का? आणि त्याखाली: रविवार, संध्याकाळी सहा.

आप्पासाहेबांनी ते ओठ हलवत वाचलं. टोपी काढली, परत घातली आणि सिग्नल सुटेपर्यंत दुसऱ्या बाजूच्या चष्म्याच्या दुकानाकडे बघत बसले. उस्मानपुऱ्यात साडूच्या दारात उतरताना एवढंच म्हणाले, "पाचला तुमच्या भावाकडं येतो. तिथंच बोलू."

हे सगळं भिकननं हर्सूलच्या घराचं फाटक उघडता उघडताच सांगून टाकलं आणि चपला काढायच्या आत निकालही दिला.

"खंड्या, फ्लेक्स आत्ताच्या आत्ता उतरव. आन् पोरगी रविवारी गाणार नाय, हे आप्पासायबासमोर तिच्या तोंडून यायला पायजे. नायतर माझ्या रूपीची सोयरीक मोडली म्हणून समज."

"कसला फ्लेक्स, दादा?"

"कसला म्हने! आक्का, दाखव त्याला."

मालनबाईंनी मोबाइलवर काढलेला फोटो पुढं धरला. खंडेरावांच्या हातात पाहुण्यांसाठी आणलेला पाण्याचा तांब्या होता, तो त्यांनी कुणालाच दिला नाही. ही अक्षरं त्यांनी आधी पाहिली होती. एवढी मोठी नव्हती तेव्हा. कागदावर होती.

मागच्या आठवड्यात दिपाली बंगळूरला कार्यक्रमाला गेली होती. तिथून तिचा फोन आला, "आबा, औरंगपुऱ्यात फ्लेक्सवाल्याकडे जाऊन प्रूफ बघाल का? तारीख आणि फोन नंबर नीट आहे ना, एवढंच." खंडेराव इस्त्रीचा शर्ट घालून गेले. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेत आवक-जावक सांभाळलेला माणूस. साहेबांच्या पत्रातले ऱ्हस्व-दीर्घ त्यांच्या लाल पेनातून सुटत नसत. तारीख बरोबर होती, नंबर बरोबर होता. पण वर मोठ्या अक्षरांत छापलं होतं: येतोस्का. पोरगी इंग्रजी माणसांत राहून मराठी विसरली, असं म्हणत त्यांनी ते जोडाक्षर तोडलं, 'स' आणि 'का' वेगळे केले आणि प्रश्न आहे म्हटल्यावर पुढं प्रश्नचिन्हही दिलं. शेजारी मुलीचा फोटो आहे आणि हे वाक्य त्या फोटोच्या तोंडचं वाटेल, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. ते अक्षरं तपासत होते. अर्थ तपासायचं काम त्यांना कचेरीत कधी कुणी दिलंच नव्हतं.

आता ते सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात आतल्या खोलीतून दिपाली बाहेर आली. एकतीस वर्षांची, उंच, आवाज नेहमीसारखा थोडा बसलेला.

"चूक माझी आहे, तात्या," ती भिकनला म्हणाली. "प्रूफ मी नीट बघितलं नाही. ते आमच्या बँडचं नाव आहे, येतोस्का. जोडून. फ्लेक्सवर तुटलं."

खंडेराव तिच्याकडे बघतच राहिले. हिला ठाऊक नाही, की ठाऊक असून असं बोलतेय? त्यांना काही उमगेना. आणि उमगेना म्हणून ते गप्प बसले. गप्प बसण्याचं खरं कारण भीती होतं, पण भीतीला दुसरं नाव सापडलं की माणसाला बरं वाटतं.

"जोडून म्हंजे काय व्हतं?" मालनबाईंनी विचारलं.

"स्का, आत्या. आम्ही स्का गातो."

"कसला का?"

"का नाही. स्का."

"अगं पन पुढं काय? जातीस का, खातीस का, कायतरी आसंल ना!"

"गाण्याचा प्रकार आहे तो. तिकडं बाहेरच्या बेटावरचा. आपल्याकडं ठेका पडतो तिथं पाय पडतो ना? स्कात ठेका पडून गेल्यावर, मधल्या फटीत वाजवतात. त्यामुळं पाय आपोआप उचलला जातो. आणि त्याला पितळी वाद्यं लागतात. आमचं ट्रम्पेट कडूबाकाका वाजवतात."

भिकन ताडकन वळला. "कडूबा? माझ्या वरातीत वाजवलं तो कडूबा?"

"तेच."

"म्हंजे तू वराती वाजवतीस?"

"नाही तात्या. पितळ वाजवणारी माणसं लग्नाच्या बँडातच भेटतात, म्हणून काका आमच्यात. लग्नाची तिथी नसेल तेव्हा आमचे कार्यक्रम."

"खंड्या, हिला शिक्षिका म्हनला व्हतास ना रे तू?"

आता मात्र खंडेरावांना तांब्या खाली ठेवावाच लागला. नऊ वर्षांपूर्वी दिपालीनं पुण्यात इंजिनिअरिंगची नोकरी सोडली आणि गायला लागली. फुलंब्रीच्या माणसांना काय सांगायचं, हे त्यांना सुचेना. एका लग्नाच्या पंगतीत कुणीतरी विचारलं आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "पुण्याला संगीत शिक्षिका हाय." वाढपी पुढं गेला, विषय संपला. पुढं सगळेच तसं सांगू लागले. मधल्या काळात तिचा एक बँड मोडला, मग दुसरा मोडला, गुवाहाटीपासून कोचीपर्यंत ती गाऊन आली, घशाला गाठ आली म्हणून चार महिने पाटीवर लिहून बोलली, परत उभी राहिली, आणि आता प्रथमच आपल्या गावात गाणार होती. फुलंब्रीत मात्र ती शिक्षिका ती शिक्षिकाच.

"शिकवतीच की," खंडेराव पुटपुटले. "गातागाता."

"भाऊजी, त्या पोरीनं नऊ वर्सं जीव टाकलाय," त्यांची बायको सत्यशीला स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. ती सहसा दिरापुढं बोलत नसे. "एका अक्षरापायी तिचा कार्यक्रम बंद करायचा?"

"सत्यशीला, तुझी पोरगी एकतीसची हाय, तिला कुनी विचारायचं राह्यलं नाय. माझी चोवीसची हाय."

हे लागण्यासारखंच होतं आणि ते लागलं. सत्यशीलानं पदर खोचला, सोडला, परत खोचला. मग दिपालीजवळ जाऊन अगदी हळू म्हणाली, "दिपे, एक रविवार सोड ना. रूपासाठी." म्हणजे आई पण गेली त्या बाजूला, हे दिपालीच्या चेहऱ्यावर दिसलं. कोपऱ्यात साड्यांच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसलेली रूपाली खालीच बघत होती.

"तिकिटं गेलीत, आई. बाकीचे सहा जण पुण्याहून निघालेत."

"ते काय मला सांगू नको," भिकन म्हणाला. "आप्पासायबाला आपन शिक्षिका सांगितलंय, तर शिक्षिकाच ऱ्हाऊ द्या. पाचला तो आला की म्हनायचं, हौस म्हनून गात व्हते, सोडलं. खल्लास."

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजायला लागला. भिकनची जीप गल्लीत आडवी उभी होती आणि पाण्याचा टँकर तिच्यामागं अडकला होता. भिकन किल्ली घेऊन उठला आणि दारातून सवयीनं भावाला म्हणाला, "खंड्या, गाडी मागं घेतो. बघायला येतोस का?"

घरातल्या सगळ्यांच्या माना एकदम त्याच्याकडे वळल्या. भिकनला कळेना काय झालं. मग कळलं, आणि त्याचा चेहरा विटेसारखा लाल झाला.

मालनबाईंना आधी खोकला आला. मग तो खोकला नव्हताच, हसू होतं. "लावा, लावा! ह्याचाबी फ्लेक्स लावा क्रांती चौकात! भिकन वाघमोडे, येतोस का?" त्या डोळे पुसत राहिल्या. "आरं, दिवसातून पन्नासदा म्हनतो आपन. म्याबी म्हनते. मेंढरावानी एकानं मान घातली की समद्यांनी घालायची व्हय रं? पोरीचा काय गुन्हा?"

"आक्का, तू सकाळी जीपमंदी काय म्हनलीस ते इसरलीस?"

"तवा राग व्हता. आता उतरला."

भिकन पाय आपटत जीप काढायला गेला. त्याच्यामागं उभं राहून हात हलवायला कुणीच गेलं नाही, त्यामुळं फाटकाचा खांब जरा घासला.

मागच्या अंगणात दिपाली धुण्याच्या दगडावर बसली होती. खंडेराव तिच्याजवळ जाऊन उभे राहिले. काय बोलायचं ते ठरलं होतं, पण कुठून सुरू करायचं ते ठरलं नव्हतं.

"दिपे, ते प्रूफ..."

"माहितीये, आबा. आज फ्लेक्स लागल्यावर मी विचारलं, तेव्हा फ्लेक्सवाल्यानं तुमच्या कागदाचा फोटो पाठवला. तुमचं लाल पेन मी झोपेतही ओळखेन."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही माझ्या कामासाठी कुठं गेलात, हे पहिल्यांदाच झालं. इस्त्रीचा शर्ट घालून गेलात, आईनं सांगितलं. आता तुम्हाला तात्यांपुढं उभं करून काय मिळणार होतं?"

आपल्याला झाकायला ही पोरगी चार माणसांत उभी राहिली, आणि आपण तांब्या धरून उभे होतो. खंडेरावांना लाज वाटली, तिचं कौतुक वाटलं आणि तिचा थोडा रागही आला, आणि यातलं पहिलं कोणतं ते त्यांना सांगता आलं नसतं.

"तू रविवारी गाशील ना?"

"गाईन. पण आप्पासाहेबांना तात्या म्हणतात तेच सांगेन. रूपाचं मोडायला नको."

पाच वाजता आप्पासाहेब आले. सिल्लोडकडच्या एका शाळेचे निवृत्त हेडमास्तर, खादीचा सदरा, खिशाला पेन. पाणी घेतलं, चहा पुढ्यात ठेवून घेतला आणि प्यायच्या आधी बोलायला लागले.

"मी साडूकडं दोन तास विचार केला. तो फ्लेक्स..."

"आप्पासाहेब," खंडेराव मध्येच म्हणाले. आवाज चिरकला, पण निघाला. "ती चूक माझी हाय. नाव जोडून होतं, मी तोडलं. प्रश्नचिन्हबी मीच दिलं. पोरगी सकाळपास्नं माझं पाप आपल्या अंगावर घेऊन बसलीय."

भिकननं मान वर केली. आप्पासाहेबांनी मात्र, खंडेरावांना वाटलं होतं तसं काही केलं नाही. ते चक्क हसले.

"अहो, काना-मात्रा कुणाचाही चुकतो. मी तीस वर्षं तेच तपासत आलो. एक जागा सुटली म्हणून सोयरीक मोडणारा माणूस नाही मी."

खंडेरावांना हलकं हलकं वाटलं. एवढंच होतं तर! सबंध दिवस छातीवर धोंडा घेऊन बसलो, आणि तो असा फुंकरीनं गेला.

"मला दुसरंच विचारायचं होतं," आप्पासाहेब म्हणाले. "बैठकीत तुम्ही सांगितलं, पुतणी पुण्याला संगीत शिक्षिका. मी शाळेतला माणूस, म्हणून लक्षात राहिलं. कोणत्या शाळेत?"

भिकन जमिनीकडं बघायला लागला. मालनबाईंनी पहिल्यांदाच तोंड मिटलं. खंडेरावांनी एक नाव आठवायचा प्रयत्न केला, पुण्यातल्या कुठल्याही शाळेचं; एकही आठवेना.

"शाळेत नाही, सर," दिपाली म्हणाली. "घरीच क्लास घेते. लहान मुलांचे."

"आणि हे गाणं?"

"हौस आहे. एवढा रविवार झाला की बंद."

तिनं ते इतकं सहज म्हटलं की खोलीतल्या सगळ्यांचे खांदे खाली आले. भिकननं चहाचा कप उचलला. आप्पासाहेबांनीही उचलला. झालं, निभावलं. आणि खंडेरावांना आपल्या कानांवर विश्वास बसेना. नऊ वर्षं जे ते सांगत होते, ते आज पहिल्यांदा त्यांनी तिच्या तोंडून ऐकलं. आपण सांगत होतो तेव्हा ते एवढं वाईट ऐकू येत नव्हतं.

"नाय," ते म्हणाले.

"काय नाय?" भिकननं विचारलं.

"ती क्लास घेत नाय. कुठंच शिकवत नाय. ती गाती. तेच काम हाय तिचं. बँड दोनदा मोडला, तिनं दोनदा उभा केला. शिक्षिका मी रचलं. सांगायला सोपं पडतं म्हणून. लाजंपायी."

"खंड्या!"

"मला लाज वाटत होती, दादा. तिची नाय वाटायला पायजे होती, पन वाटत होती."

आप्पासाहेबांनी कप बशीत ठेवला. चहा अर्धाच झाला होता. "काय गाते ती?"

"ते..." खंडेराव अडखळले. "ते मला नीट सांगता येत नाय. ठेक्याच्या मधी कायतरी असतंय. मी कधी ऐकलंच नाय बसून."

मग आप्पासाहेब उठले, टोपी नीट केली. "खरं बोललात, बरं केलं. पण ते बैठकीत बोलायला हवं होतं. पोरगी गाते याचं मला काही नाही. एवढं झाकता, तर अजून काय झाकलं असेल, हे घरी गेल्यावर मला विचारतील. विचार करून कळवतो."

'कळवतो' म्हणजे काय, हे लग्न जमवलेल्या कुठल्याही घरात समजावून सांगावं लागत नाही.

ते गेल्यावर भिकननं साड्यांच्या पिशव्या उचलल्या. दारात थांबून, भावाकडं न बघता म्हणाला, "येतो, खंडेराव." एकसष्ट वर्षांत त्यानं त्यांना पूर्ण नावानं हाक मारली नव्हती. मालनबाई आधी दिपालीच्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या, मग भिकनच्या मागं निघाल्या. रात्री त्याला जेवायला कोण घालणार, असं काहीसं पुटपुटत. रूपाली सर्वांत शेवटी उठली. दिवसभरात ती बोलली ते एवढंच: "ताई, तू गा. पन आत्ता माझ्याशी बोलू नको."

जीप गेली. सत्यशीला अर्धा राहिलेला चहा मोरीत ओतायला गेली ती तिकडंच राहिली.

"कशाला बोललात, आबा?" दिपाली म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती चिडली होती. "निभावलं होतं मी. मला सवय झाली होती त्याची. रूपाचं काय आता?"

"मला वाटलं, तुला बरं..."

"नऊ वर्षांत कधीही वाटायला हवं होतं. आजच वाटलं?"

खोटं बोललो तेव्हा चुकलो, खरं बोललो तेव्हा चुकलो, आणि गप्प बसलो तेव्हाही चुकलोच. मग बरोबर कधी होतो, हे शोधत खंडेराव मोकळ्या कपांकडं बघत बसले.

दिपालीचा फोन वाजला. तिनं ऐकून घेतलं आणि तोंड दुसरीकडं करून तो त्यांच्यापुढं धरला. "कडूबाकाका आहेत. फ्लेक्सवाला आत्ता नवीन करून देतोय म्हणे, मजकूर विचारतोय. मला नाही बोलता येत."

खंडेरावांनी फोन कानाला लावला.

"कडूबा, वर येतोस्का लिही. जोडून. प्रश्नचिन्ह नको."

"आन् खाली, राव? गानारीचं नावच नव्हतं मागल्या फ्लेक्सवर. दिपीताईच नको म्हनली व्हती. घरच्यास्नी तरास नको म्हनून."

हे त्यांना आत्ता कळत होतं. प्रूफ त्यांनीच तपासलं होतं. असलेलं प्रत्येक अक्षर बघितलं होतं, नसलेलं नाव दिसलं नव्हतं.

"खाली लिही, गायिका: दिपाली खंडेराव वाघमोडे."

"आडनाव नको," दिपाली मागून म्हणाली. ती अजून त्यांच्याकडं बघत नव्हती. "आडनाव तात्यांचंही आहे. रूपाचंही."

खंडेराव थांबले. पलीकडं कडूबा पेन घेऊन थांबला होता.

"मग आडनाव गाळ," ते म्हणाले. "नुसतं दिपाली खंडेराव लिही. ते नाव माझ्या एकट्याचं हाय."